मोड

बत्तीस वर्षं उद्यमबागच्या फाउंड्रीत
लोखंड पातळ करून साच्यात ओतलं ह्यांनी,
आणि घरी बसल्यावर आठव्या दिवशी म्हणाले,
"माझ्यापुरता गॅस पेटवू नको."

खानापूर रोडवरच्या कसल्याशा शिबिरातून
वाढलेली साखर आणि दोनशे पानी वही
घेऊन आले होते.
पहिल्याच पानावर, कारखान्यात पाळीची नोंद करावी तशा अक्षरात:
भाकरी. विस्तव नाही.

येळ्ळुरात असली गोष्ट झाकून राहत नाही.
पिठाच्या गिरणीत बाळाप्पानं विचारलं,
"काय वैनी, सिलिंडर संपलाय काय मोनाप्पाचा?"
मी हसले. घरी येऊन
परात जरा जोरातच आपटली.

पहाटे पाचला उठून ज्या डब्यासाठी
हाताची पाचही बोटं पोळून घेतली,
तो डबा आता खिळे ठेवायला.

खपली गहू दोन वाट्या, नाचणी मूठभर.
रात्रभर पाण्यात. सकाळी उपसून
माझ्या जुन्या इरकलीच्या फडक्यात.
फडकं मीच टरकावून दिलं, रागानं.
गाठ त्यांनी मारली
आणि क्रेनची साखळी ओढावी तशी
दोनदा ओढून बघितली.

कुंपणापलीकडून गंगव्वा:
"काय बांधलंय वो? मोळके?"
मी म्हटलं, "होय, मोड."
तशी तिनं मान वर करून आभाळ बघितलं.
"मोडा? यल्लैति?"
तिच्या भाषेत मोड म्हणजे ढग.
चाळीस वर्षं एका नळावर पाणी भरतोय आम्ही,
आणि हे मला त्या दिवशी कळलं.

वाटायचं पाट्यावरच. मिक्सर नको,
मिक्सर तापतो.
जिरं, मीठ, थोडे तीळ.
केळीच्या पानावर थापून
गच्चीवर, उन्हात.
दुपारी एकदा उलटायची.
कावळ्यांसाठी हातात काठी,
डोक्यावर कारखान्याचं पिवळं हेल्मेट.
ह्यांना ऊन लागत नाही म्हणे.

तिसऱ्या खेपेला राजहंसगडाकडून
गंगव्वाचे मोड आले.
दोन दिवस हलले नाहीत.
भाकऱ्या ओल्याच राहिल्या, आंबल्या,
म्हशीनंसुद्धा एकदा हुंगून
मान फिरवली.
मी काही बोलले नाही.
बोलले असते तर बरं झालं असतं,
कारण गप्प बसल्यावर ते माझ्याकडे बघतात.

त्या रात्री नवं गाठोडं बांधलेलं.
म्हणाले, "हात ठेव."
ठेवला.
कोमट होतं.
तापाच्या पोराचं कपाळ उतरणीला लागतं, तेवढं.
"आतनं तापतंय बघ," ते म्हणाले, "कोण पेटवत नाही."
रंगावरून लोखंडाची आच सांगणारा माणूस
अंधारात, फडक्यावर तळवा ठेवून,
कितीतरी वेळ तसाच.
मनगटापासून कोपरापर्यंत ते पांढरे ठिपके,
उडालेल्या थेंबांचे.
गाठ सोडली तेव्हा आत
तेवढेच पांढरे, तेवढेच बारीक.

भाकरी कशी लागते म्हणून गल्ली विचारते.
चिवट. आधी मातीसारखी,
मग चावत राहिलं की गोड,
आणि चावावंच लागतं, दुसरा इलाज नाही.
दाढ दुखते.
एक भाकरी खायला अर्धा तास लागतो,
त्या अर्ध्या तासात आम्ही
पाळीच्या भोंग्याशिवाय समोरासमोर बसतो
आणि काय बोलायचं ते शोधतो.

माझी जोंधळ्याची मी अजून तव्यावरच करते.
सोडणार नाही.
पण चतकोर त्यांची घेते,
शेंगाच्या चटणीबरोबर.
चटणी भाजलेल्या शेंगांची. त्यांना ठाऊक आहे.
काल बघत बसले, बघत बसले,
मग एक बोट बुडवलं, चाटलं,
आणि खिडकीबाहेर बघू लागले.

वही माझ्याच हाताशी होती.
लिहिलं नाही.